सिलाओ, तळेगाव आणि चाकण : व्यापार करारात युनियनला जागा कुठे?

इंद्रायणीकाठ (धागाकर्ता)

चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी युनियनच्या कमिटीवर आहे. मागणीपत्र देऊन झालंय, पगारवाढीची बोलणी सुरू आहेत. या वेळी साहेबांनी आकड्यावर यायच्या आधीच मेक्सिको काढलं. ज्यांच्याशी व्यापार करार नाही अशा देशांतून येणाऱ्या गाड्यांवरचं आयातशुल्क मेक्सिकोने १ जानेवारी २०२६ पासून २० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेलंय. त्या यादीत भारत आहे. चाकणहून गाड्या मेक्सिकोला जातात, त्या गाड्यांना आमचा माल लागतो. "पुढच्या वर्षी ऑर्डर किती ते आम्हालाच ठाऊक नाही, मग तीन वर्षांची सेटलमेंट कशाच्या जोरावर करायची?" असं त्यांचं म्हणणं.

अडचण खरी आहे, ते खोटं बोलत नाहीत. पण निर्यात जोरात होती तेव्हा तिचा हिशेब कधी टेबलावर आला नाही. शुल्क वाढलं की मात्र तो कागद सगळ्यात आधी आमच्यापुढे सरकवला जातो. हे मनाला लागलं म्हणून वाचायला बसलो आणि एका जोडीपाशी अडकलो. मेक्सिकोतलं सिलाओ आणि आपलं तळेगाव. दोन्ही कारखाने जनरल मोटर्सचे, आणि दोन्हीकडच्या घटना एकाच महिन्यातल्या, एप्रिल २०२१ च्या.

आधी तळेगाव. कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं. गुजरातमधला हालोलचा कारखाना बंद झाला, तळेगाव मात्र निव्वळ निर्यातीवर चालू राहिलं. शेव्हरोले बीट इथे बनायची आणि मेक्सिकोला जायची. जानेवारी २०२० मध्ये हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचं ठरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची पूर्वमंजुरी सक्तीची केली. व्यवहार लटकला आणि २०२२ मध्ये बारगळला. दरम्यान डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली होती. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ मिळाला. युनियन कोर्टात गेली, कामगार उपोषणाला बसले. २०२३ मध्ये ह्युंदाईने खरेदीचा करार केला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. जुने कामगार त्या व्यवहारात नव्हते.

तळेगावच्या युनियनचं यात काय चुकलं? मला तरी काही सापडत नाही. माल कुठल्या देशात जाणार, कारखाना कुणाला विकणार, त्याला मंजुरी कोण देणार, यातलं काहीही ठरताना तिला कुणी विचारलं नाही. ती भांडली ती सगळं ठरून गेल्यावर.

आता सिलाओ. ग्वानाहुआतो राज्यात, पिकअप ट्रकचा कारखाना, कामगार सहा हजारांच्या वर. तिथे युनियन वर्षानुवर्षं होती, पण ती सीटीएम या जुन्या महासंघाची. मेक्सिकोत एक रूढच पडली होती. कारखाना उभा राहायच्या आधीच मालक आणि अशी एखादी युनियन आपसात करार करून मोकळे व्हायचे. ज्याच्या पगाराचा तो करार, त्या कामगाराने तो कधी डोळ्यांनी पाहिलेला नसायचा. एकदा करार नोंदला गेला की दुसऱ्या युनियनला आत शिरायला वाट नाही.

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडाच्या १९९४ च्या जुन्या व्यापार कराराला, नाफ्टाला, कामगारांसाठी एक जोडकरार होता. युनियन करण्याच्या हक्कावर गदा आली तर त्यात फार तर एका देशाच्या मंत्र्याने दुसऱ्याशी चर्चा करायची, इतकंच होतं. त्याच्या जागी १ जुलै २०२० ला जो नवा अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करार लागू झाला, त्यात मात्र थेट कारखान्यावर तक्रार करता येते. चौकशीचे टप्पे महिन्यांत मोजायचे, वर्षांत नाही. दोष सिद्ध झाला तर त्या कारखान्याच्या मालाची शुल्कसवलत जाते आणि वारंवार घडलं तर माल सीमेवर अडवता येतो.

मेक्सिकोने २०१९ मध्ये आपला कामगार कायदाही बदलला होता. प्रत्येक जुना करार कामगारांच्या गुप्त मतदानाने मंजूर करून घ्यायचा, नाही झाला तर रद्द. सिलाओत एप्रिल २०२१ मध्ये हे मतदान लागलं. ते चालू असतानाच मतपत्रिका नष्ट केल्याचं उघड झालं आणि श्रम मंत्रालयाने ते थांबवलं. १२ मे ला अमेरिकेने नव्या व्यापार करारातल्या त्या तक्रारीच्या कलमाचा पहिल्यांदाच वापर केला, तो याच कारखान्यावर. ऑगस्टमध्ये निरीक्षकांसमोर पुन्हा मतदान झालं. करार नको म्हणणारे ३,२१४, हवा म्हणणारे २,६२३. फेब्रुवारी २०२२ मध्ये सिंतिया ही स्वतंत्र युनियन ४,१९२ मतांनी निवडून आली. तिच्या प्रमुख अलेहांद्रा मोरालेस, त्याच कारखान्यातल्या कामगार. मे महिन्यात साडेआठ टक्के पगारवाढीची सेटलमेंट झाली.

तळेगावच्या पोरांची जिद्द काही कमी नव्हती. सिलाओच्या कामगारांच्या पाठीशी एक कलम होतं, आणि त्या कलमामुळे कंपनीचा ट्रक सीमेवर अडू शकत होता. माझं मत असं झालंय की व्यापार करारात कामगारांच्या हक्काचं कलम असून भागत नाही. ते मोडलं तर कुणाचा माल अडणार, हे त्यात लिहिलेलं हवं. आणि आपल्या युनियन्सनी या प्रश्नावर आता बोललं पाहिजे. या विषयातल्या जाणकारांनी जरूर लिहा.

मिशिगनकर

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी डेट्रॉइटजवळ राहतो, वाहन उद्योगातच आहे. सिलाओची गोष्ट तुम्ही बरोबर मांडलीत, पण ती एप्रिल २०२१ च्या बरीच आधी सुरू होते आणि तो भाग गाळला तर कलमालाच सगळं श्रेय जाईल.

सप्टेंबर २०१९ मध्ये इथे जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप पुकारला, चाळीस दिवस चालला. कंपनी सिलाओतून उत्पादन वाढवून घेईल अशी इथे धास्ती होती. तेव्हा सिलाओतल्या काही कामगारांनी ठरवलं की आम्ही ओव्हरटाइम करणार नाही. ना त्यांची स्वतःची युनियन पाठीशी, ना कायद्याचं संरक्षण. त्यातल्या काहींच्या नोकऱ्या गेल्या. आपल्यापेक्षा कितीतरी पट पगार घेणाऱ्या परक्या देशातल्या कामगारांसाठी ही माणसं ओव्हरटाइमवर पाणी सोडत होती! तिथून जो गट उभा राहिला त्यातूनच पुढे सिंतिया आली. कलम आलं तेव्हा ते वापरायला माणसं तयार होती.

आणि कलमही कुणी मेहेरबानी म्हणून दिलेलं नाही. करारावर सह्या २०१८ मध्येच झाल्या होत्या. तो मसुदा इथल्या कामगार महासंघाला, एएफएल-सीआयओला, पुरेसा वाटला नाही. कनिष्ठ सभागृहात डेमोक्रॅट्सचं बहुमत होतं, त्यांच्या मताशिवाय करार पुढे सरकत नव्हता. त्या अडवणुकीतून डिसेंबर २०१९ च्या दुरुस्त्यांमध्ये हे जलद कारवाईचं कलम आलं, आणि मगच महासंघाचे अध्यक्ष रिचर्ड ट्रम्का यांनी पाठिंबा दिला. याच करारात आणखी एक अट आहे. गाडीला शुल्कमाफी हवी असेल तर तिच्या किमतीचा ४० ते ४५ टक्के भाग ताशी १६ डॉलर किंवा जास्त मजुरीच्या कारखान्यांतून आलेला हवा. मेक्सिकोत तेवढी मजुरी कुणी देत नाही, म्हणजे ही अट मुळात इथल्या नोकऱ्या राखायला घातलेली आहे. हे उघड बोललं पाहिजे, कारण विरोधकांचा मुद्दा याच ठिकाणी पक्का होतो.

दुसरी बाजू २०२५ ची. आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्काची घोषणा झाली तेव्हा यूएडब्ल्यूने, म्हणजे इथल्या वाहन कामगारांच्या युनियनने, तिचं जाहीर स्वागत केलं. सीमेपलीकडे कॅनडाची युनिफॉर त्याच शुल्काविरुद्ध उभी राहिली. एकेकाळी दोन्ही देशांतले हे कामगार एकाच युनियनमध्ये होते, १९८५ मध्ये वेगळे झाले. आज माझे शेजारी त्या शुल्कामुळे गेलेली कामं परत येतील म्हणून आशेने बसलेत, आणि नदीपलीकडे विंडसरमध्ये त्याच बातमीने लोकांची झोप उडालीय. मला दोघांचंही पटतं, आणि त्याचाच त्रास होतो.

चादरीचं गाव

आमचा सोलापुरात टॉवेलचा धंदा आहे, लहानच. मालकाची बाजू म्हणून वाचा, पण वाचा.

२७ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. सोलापूरच्या टेरी टॉवेलला परदेशी गिऱ्हाईक आहे, त्यात अमेरिका मोठी. बोटीवर चढायच्या बेतात असलेल्या मालाचे खरेदीदार फोन करून विचारायचे, शुल्कातला अर्धा वाटा तुम्ही उचलणार का? तो वाटा शेवटी कुठून निघतो? मागावर बसणाऱ्याच्या पाळ्या कमी होतात. आमच्याकडे मजुरी बहुतेक ठिकाणी कामाच्या हिशेबाने, पाळी गेली की पैसे गेले. यात युनियनला धरून कुणी वाटाघाट केली नाही, कारण बहुतेक शेडमध्ये युनियनच नाही.

आता तुम्ही म्हणता करारात माल अडवणारं कलम हवं. अहो, ते कलम कुणाच्या हातात राहणार? माल विकत घेणाऱ्या श्रीमंत देशाच्या. मिशिगनकरांनी सोळा डॉलरचं सांगितलंच. सिलाओवालं कलम कागदावर तिन्ही देशांना लागू दिसतं, पण अमेरिकेतल्या कारखान्यावर तक्रार करायची तर तिथल्या श्रम मंडळाचा आदेश आधीच लागू असावा लागतो. मेक्सिकोसाठी अशी आडकाठी नाही. ही बरोबरी नव्हे.

आणि भारताने हे १९९६ मध्येच ओळखलं होतं. सिंगापूरच्या परिषदेत जागतिक व्यापार संघटनेत कामगार मानकं आणायला आपण ठाम विरोध केला. ते काम आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं, असा ठराव झाला. १९९९ ला त्याच संघटनेच्या सिएटलच्या परिषदेत अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी कामगार मानकं मोडणाऱ्यांवर निर्बंधांची भाषा केली तेव्हा मुरासोली मारन व्यापारमंत्री होते, त्यांनीही तीच भूमिका घेतली. आपल्या बहुतेक केंद्रीय कामगार संघटना, डाव्यासुद्धा, या प्रश्नावर सरकारच्या बाजूने होत्या. त्यांना कामगारांचं हित कळत नव्हतं असं म्हणायचंय का?

अनुराधा_पुणे

कामगार कायद्यात वकिली करते, युनियनच्या बाजूने.

चादरीचं गाव, १९९६ चा विरोध समजण्यासारखा होता हे मला मान्य. पण त्या विरोधाची दुसरी अर्धी बाजू पुरी झाली नाही. "हे काम जिनिव्हाच्या कामगार संघटनेचं" असं म्हटल्यावर निदान तिथले करार तरी स्वीकारायला हवे होते. युनियन करण्याचं स्वातंत्र्य देणारा ८७ क्रमांकाचा आणि सामूहिक वाटाघाटीचा ९८ क्रमांकाचा, हे दोन्ही मूलभूत करार भारताने आजवर मंजूर केलेले नाहीत. बाहेरचं कलम नको, आतलंही नको, तर मग कामगाराने जायचं कुठे?

तळेगावबद्दल थोडं. औद्योगिक विवाद कायदा १९४७ च्या पाचव्या-ब प्रकरणात शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ, कपात आणि बंदसाठी सरकारची परवानगी लागायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आता ही मर्यादा तीनशे आहे. गाडी बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला याने फरक पडत नाही. फरक पडतो तो तिच्या व्हेंडरला. चाकण, रांजणगाव, भोसरीत शंभर ते तीनशे कामगारांची किती युनिट्स आहेत ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. उद्या मेक्सिकोच्या शुल्काने ऑर्डर घटल्या तर पहिली कात्री तिथे लागणार, आणि मुंबईतून परवानगी आणायचा जो एक अडसर होता तो तिथून निघालाय. शिवाय आता संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्यांनाच. पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती लोकोपयोगी सेवांपुरती होती.

बाहेरचे करारही बघा. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला जो करार झाला त्यात कामगारांवर एक अख्खं प्रकरण आहे. भारताच्या दृष्टीने हे पाऊल मोठं. पण ते प्रकरण तंटानिवारणाच्या बाहेर ठेवलंय. मोडलं तर चर्चा. म्हणजे इंद्रायणीकाठ यांनी १९९४ च्या जोडकराराबद्दल जे लिहिलं, जवळपास तिथेच आपण आज आलोय.

सिलाओच्या कलमाचीही मर्यादा सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. झाकातेकास राज्यात सान मार्तिन म्हणून खाण आहे, तिथल्या युनियनचा संप २००७ पासूनचा. त्या खाणीवर अमेरिकेने तक्रार केली आणि या कलमाखालची पहिली लवाद समिती बसली. एप्रिल २०२४ मध्ये समितीने सांगितलं की हे प्रकरण आमच्या अधिकारात येत नाही, कारण वादाचं मूळ नव्या कायद्याच्या आधीचं. इतकी वर्षं थांबलेल्या खाण कामगारांच्या हाती काही आलं नाही. नव्या वादात, मेक्सिकोतल्या निर्यातदार कारखान्यावर हे कलम चालतं, जुन्या जखमेवर चालत नाही.

मळवली_लोकल

माझे मोठे भाऊ तळेगावच्या त्या १,४१९ मधले. आता एका गोदामात कंत्राटावर सुपरवायझर आहेत. इतकंच विचारायचं होतं की बीट मेक्सिकोला जायची, म्हणजे मेक्सिकोच्या कामगारांशी त्या वेळी काही बोलणं होऊ शकलं असतं का? तिकडच्या युनियनने इकडच्यासाठी काही केलं असतं का?

इंद्रायणीकाठ

मळवली_लोकल, तुमच्या भावांना नमस्कार सांगा. २०२० मध्ये सिलाओत बोलायला स्वतंत्र युनियनच नव्हती हो. जे कामगार बोलले असते ते तेव्हा नोकरी वाचवण्याच्या धडपडीत होते. आज असती तर? मला वाटतं निदान माहिती मिळाली असती. कुठलं मॉडेल कुठे हलवणार, कुठल्या बाजाराचा माल कुठून जाणार, हे कंपनीच्या वरच्या मजल्यावर वर्ष-दोन वर्षं आधी ठरतं. इकडच्या युनियनला ते तेव्हाच कळलं असतं तर निर्यात चालू असतानाच, म्हणजे हातात काही असताना, बोलता आलं असतं.

चादरीचं गाव, कलम श्रीमंत देशाच्या हातात जातं हा तुमचा मुद्दा मला नाकारता येत नाही. तरी एक विचारतो. २०२५ चं ५० टक्के शुल्क कामगारांच्या हक्कासाठी नव्हतं, त्यातलं अर्धं तर रशियाकडून तेल घेतो म्हणून होतं. कलम नसलं म्हणून तडाखा टळला का? श्रीमंत देशाला जेव्हा शुल्क लावायचं असतं तेव्हा तो लावतोच. मग निदान एखादं शुल्क असं असावं की जे टाळायचा मार्ग मालकाच्या हातात आहे. युनियन होऊ द्या, मतदान होऊ द्या, शुल्क लागणार नाही. बाकीच्या शुल्कांवर तुमच्या-माझ्या कुणाच्याच हातात काही नाही.

नोय्यलकाठी

नोकरीनिमित्त कोईमतूरला असते. भारतात असं झालेलं एक उदाहरण आहे, त्याची मराठीत कुणी फारशी चर्चा केलेली दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तमिळनाडूतल्या दिंडीगल जिल्ह्यात कपड्यांचा एक कारखाना, नाची अपॅरल. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या एका तरुण दलित कामगार मुलीचा खून झाला. आरोपी तिचा सुपरवायझर. ती टीटीसीयू या युनियनची सभासद होती. ही युनियन दलित बायकांनी चालवलेली, कापड गिरण्या आणि शिलाई कारखान्यांत काम करणारी. त्यांनी सांगितलं की हा एकट्या माणसाचा गुन्हा नाही, फ्लोअरवर लैंगिक छळ रोजचा आहे आणि तक्रार करायला जागा नाही. एशिया फ्लोअर वेज अलायन्स आणि अमेरिकेतली एक कामगार हक्क संस्था त्यांच्या बरोबर उभी राहिली. एप्रिल २०२२ मध्ये करार झाला. एका बाजूला युनियन आणि या संस्था, दुसऱ्या बाजूला कारखान्याची मूळ कंपनी, आणि एच अँड एम, गॅप, पीव्हीएच हे माल घेणारे ब्रँडही करारात बांधलेले.

त्यानंतर जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने या कारखान्याचा माल बंदरात अडवायचा आदेश काढला. आधार होता सक्तीच्या श्रमाने बनलेल्या मालावर बंदी घालणारा त्यांचा १९३० चा कायदा. आता गंमत नाही, खरी कळकळीची गोष्ट ऐका. तो आदेश उठवायला पुढे आली ती युनियन. करारानुसार फ्लोअरवर काय बदललं, कुठल्या तक्रारी आल्या आणि कशा मिटल्या, हे या बायकांनी दाखवून दिलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आदेश मागे घेतला गेला. दीड महिनासुद्धा झाला नव्हता. ज्या कारखान्याविरुद्ध त्या लढल्या त्याचा माल त्यांच्याच साक्षीने सुटला.

कराराने केलं काय, तर प्रत्येक ओळीवर कामगारांमधूनच प्रशिक्षित सखी नेमल्या. टार्गेट पुरं झालं नाही म्हणून शिवी दिली, हात लावला, बाथरूमला जाऊ दिलं नाही, की ती बाई त्याच दिवशी सखीकडे जायची. दर आठवड्याला युनियन आणि व्यवस्थापन एकत्र बसायचे. ब्रँडची सही असल्याने कारखान्याने टाळाटाळ केली तर ऑर्डरवर परिणाम झाला असता. मी तिथल्या एका सखीशी बोलले आहे. ती म्हणाली, आधी सुपरवायझर नावाने हाक मारत नसे, आता मारतो.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की भारत सरकारने कुठल्या करारावर सही केली नव्हती, जागतिक व्यापार संघटनेत काही ठरलं नव्हतं. कायदा परक्या देशाचा होता, हे खरं. पण अडवलेला माल सोडायचा कधी, यात दिंडीगलच्या बायकांचा शब्द लागला.

चादरीचं गाव

नोय्यलकाठी, हे मला खरंच माहीत नव्हतं. माल अडवला आणि नंतर युनियनच्या साक्षीने सुटला, हा क्रम मी कुठे ऐकलेला नाही. माझी भीती ही असायची की एकदा माल अडला की गिऱ्हाईक बांगलादेशाकडे किंवा पाकिस्तानकडे जाणार, आणि युनियन जिंकली तरी काम उरणार नाही. इथे ब्रँडलाच करारात बांधल्यामुळे गिऱ्हाईक पळू शकलं नाही, असंच ना?

पण मग लहान कारखान्याचं काय? माझा माल थेट ब्रँडकडे जात नाही, मध्ये मुंबईचा व्यापारी आहे. सखी नेमायची, आठवड्याला बैठक घ्यायची, याचा खर्च दराला जोडून मिळणार असेल तर मी उद्या करीन. दर तोच ठेवून करा म्हणाल तर तो पुन्हा मागावरच्या माणसाच्या पगारातून निघेल. ब्रँडने दर वाढवून देण्याची अट त्या दिंडीगलच्या करारात आहे का? कुणी वाचला असेल तर त्यातलं तेवढं कलम इथे मराठीत उतरवून द्या.

अनुराधा_पुणे

करार माझ्याकडे आहे. रविवारी बसून दर आणि ऑर्डरसंबंधीची कलमं मराठीत करून इथे टाकते. इंद्रायणीकाठ, तुमच्या कंपनीचा माल ज्या गाड्यांत जातो त्या कंपनीच्या मूळ देशात जागतिक पातळीवरचा युनियन करार आहे का ते तोवर शोधून ठेवा. युरोपातल्या काही वाहन कंपन्यांनी असे करार इंडस्ट्रीऑल या जागतिक महासंघाशी केलेत, आणि त्यातल्या काहींत पुरवठादारांचाही उल्लेख असतो. असला तर मागणीपत्राच्या पुढच्या बैठकीआधी त्याची प्रत कमिटीच्या हातात हवी.